एका डीपीखालचे शेजारी

चाकणकडे जायचं तर गुरुवारी निघावं, हे कुठल्याही पिंपरी-चिंचवडकराला सांगावं लागत नाही. उरलेल्या महाराष्ट्राचा जसा रविवार, तसा आमच्या एमआयडीसीचा गुरुवार. भोसरीतले लेथ आणि प्रेस त्या दिवशी गप्प असतात, टपऱ्यांवरची चहाची गर्दी ओसरते आणि पुणे-नाशिक रस्ता निदान माणसानं जावं इतपत मोकळा होतो. वीज मंडळाच्या काळात राज्यातल्या सगळ्या कारखान्यांचा भार एकाच दिवशी चढू-उतरू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले. त्याला 'स्टॅगरिंग डे' म्हणत. आमच्या वाट्याला गुरुवार आला. मुलांची शाळा रविवारी बंद आणि बापाची कंपनी गुरुवारी, त्यामुळे इथल्या कामगारांच्या घरात एक अख्खी पिढी बापाला दिवसाउजेडी फारसं न बघता वाढली. विजेची बचत हा विषय निघाला की लोक बल्बांबद्दल बोलू लागतात. मला आधी हा गुरुवार आठवतो.

भोसरीहून राजगुरुनगरची पीएमपी पकडली. मित्राचे मामा तिकडे शेती करतात, आणि त्यांच्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, शेतकऱ्यांनी मोटारी चालवण्याचा काहीतरी आपापसात ठराव केलाय, एवढंच कानावर आलं होतं. कारखान्यांनी वीज वाचवली की त्यांचे अहवाल निघतात, चषक मिळतात. या औद्योगिक पट्ट्यामागच्या गावांत काय चालतं ते बघावं म्हणून निघालो.

मोशीत कचऱ्याचा वास बसच्या खिडकीतून आत येतो. आता तिथं त्याच कचऱ्यापासून वीज होते. १४ मेगावॉटचा हा महापालिकेचा प्रकल्प, १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. वास मात्र आहे तिथंच आहे. पुढे इंद्रायणी ओलांडली की आळंदी फाटा आणि मग चाकण.

चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने तिथं झुंजवलं. कांद्याचा बाजार आहे. आणि गेल्या पाव शतकात आजूबाजूच्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या शिवारात बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा असे कारखाने उभे राहिले. तळेगाव चौकात बस थांबली ती थांबलीच. गुरुवारचं माझं गणित तिथं फसलं, कारण चाकणच्या सगळ्याच कंपन्या गुरुवार पाळत नाहीत. शेजारी एक सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस बसला होता. त्याच्याकडून समजलं की त्यांच्याकडे कॅपॅसिटर पॅनल आपोआप चालतं, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) जरा घसरला की साहेबांचा फोन येतो. येणारच. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघतं; पॉवर फॅक्टर पडला की न केलेल्या कामाचेही पैसे मोजावे लागतात. दिवसाच्या कुठल्या तासाला वीज घेता त्यावरही दर बदलतो. कारखान्याला वीज वाचवायला सद्बुद्धी लागत नाही, महिन्याचं बिल पुरतं.

हे उद्योग एकदा सगळ्या शहराच्या उपयोगी पडले होते, तेही सांगायला हवं. २००५-०६ मध्ये राज्यात भारनियमनाचा कहर होता. तेव्हा सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुण्यातल्या मंडळींनी, प्रदीप भार्गव त्यांत पुढे होते, एक साधा हिशेब मांडला. कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर आहेत. टंचाईच्या तासांत त्यांनी ते चालवावेत, ग्रीडवरची तेवढी वीज शहराला मिळावी, आणि डिझेलच्या महागाईचा फरक जास्त युनिट वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलात थोडा अधिभार लावून भरून काढावा. वीज नियामक आयोगानं ते मान्य केलं आणि जून २००६ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड भारनियमनातून सुटलं. देशभर त्याला 'पुणे मॉडेल' म्हणाले. आम्ही निगडी-चिंचवडचे लोक तेव्हा पंख्याखाली बसून एकमेकांना शाबासकी देत होतो. पंचवीस-तीस किलोमीटरवर खेड तालुक्यात मात्र दिवसातले दहा-बारा तास लाइट नसायची. त्या मॉडेलमध्ये त्यांना जागा नव्हती, कारण अधिभार भरायला तिकडं ग्राहक कोण?

राजगुरुनगरला मामा मोटारसायकल घेऊन आले होते. भीमेच्या कडेनं थोडं आत गेल्यावर त्यांचं रान. कांद्याची लागण नुकतीच उरकलेली, पलीकडे ऊस. बांधावर दोन सिमेंटच्या खांबांमध्ये डीपी टांगलेली. तिच्या फ्यूजच्या पेटीला दार नव्हतं. तशी दारं महाराष्ट्रात कुठंच टिकत नाहीत.

"ही आमची लक्ष्मी," मामा म्हणाले. "रुसली की आठ-धा दिवस रुसती."

या डीपीचा हिशेब मी मामांच्या बांधावर वहीत मांडला. ट्रान्सफॉर्मर ६३ केव्हीएचा. त्यावर पाच एचपीच्या मोटारी. अशी मोटार चालताना साधारण साडेचार किलोवॉट ओढते. पण पॉवर फॅक्टर पाऊणाच्या आसपास असतो, म्हणून डीपीवर बोजा पडतो साधारण सहा केव्हीएचा. म्हणजे दहा मोटारींत डीपी भरली. प्रत्येक मोटारीला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला तर तीच डीपी बारा-तेरा मोटारी विनातक्रार ओढते, तारांतला प्रवाह कमी होतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत असल्यामुळे ती चांगलीच घटते. शेवटच्या टोकाच्या मोटारीला व्होल्टेज मिळतं. हे महावितरणच्या प्रत्येक आवाहनात छापलेलं असतं: ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. तरी माणसं का बसवत नाहीत?

कारण कॅपॅसिटर मी माझ्या पैशानं बसवला तर फायदा दहा जणांत वाटला जातो. आणि बाकीच्या नऊ जणांनी बसवला नाही तर माझ्या एकट्याच्या कॅपॅसिटरनं डीपी वाचत नाही. वीजबिलही आडवं येतं. शेतीची वीज वर्षानुवर्षं एचपीवर ठोक आकारली गेली, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारनं ती मोफत केली, मार्च २०२९ पर्यंत. चाकणच्या त्या मेंटेनन्सवाल्याला साहेबांचा फोन येतो. मामांना कुणाचा यावा?

फोन येत नाही, मोटार जळते. शेतीला थ्री फेज आठ तास, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला दारं धरायला जायचं म्हणजे या भागात काय, ते शहरातल्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांच्या उसात बिबट्या राहतो. येतो-जातो असं म्हणण्याचे दिवस गेले, तिथंच व्यालेला आणि वाढलेला. रात्री अकराला लाइट आल्यावर बॅटरी घेऊन स्टार्टर दाबायला कोण जाणार? म्हणून ऑटो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. पण तीन फेजची मोटार सुरू होताना पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या पाच-सहापट करंट खेचते. दहा ऑटो एकाच क्षणी पडले की डीपीवर पन्नास-साठ मोटारींचा झटका बसतो. फ्यूज उडतो, किंवा फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातलेली असेल तर डीपीच जाते. मग कांदा वाळतो, आणि मोटार भरायला टाकायची ती वेगळीच.

ऑटोचं दुसरं कारण मला तिथं गेल्याशिवाय समजलं नसतं. मामांच्या डीपीवरच्या निम्म्याअधिक घरांतली पोरं चाकणला कंपनीत आहेत, बहुतेक कंत्राटावर. त्यांची सेकंड शिफ्ट आणि रानातली लाइट यांची वेळ एकच पडते. रानात माणूसच नसतं. कारखान्यांनी या गावांची जमीन घेतली हे सगळ्यांना दिसतं. मोटारीचं बटण दाबणारा हातही त्यांनी नेला, हे डीपीवर दिसतं.

ठराव झाला तो डीपी एकाच हंगामात दोनदा जळाल्यावर. आधी नुसतं भांडण झालं, कुणाची मोटार मोठी आणि कुणी आकडा टाकला यावर. मग देवळात बसले. ऑटो काढायचे, वर्गणी करून एकदम सगळ्यांना कॅपॅसिटर आणायचे, आणि लाइट आल्यावर एकामागून एक मोटारी सोडायच्या, असं ठरलं. कुणी सुरू करायचं आणि कुणी शेवटी, याच्या पाळ्या लावल्या. पाण्याच्या पाळ्या लावायची सवय होतीच. व्हॉट्सॲपवर गट निघाला. त्याचं नाव नुसतं 'डीपी'.

"आन् ऐकलं सगळ्यांनी?" मी विचारलं.

"छ्या! एकानं ऑटो काढलाच नाय. खंडानं रान केलेलं, त्याला काय आमची भीड." मामा हसले. "त्याला कंपनीतल्या पोरांनीच वळवला. आमच्यानं नाय झालं."

पोरांनी केलं ते असं. बाजारात मोबाइलवर चालणारे स्टार्टर मिळतात. लाइट आल्यानंतर किती वेळानं मोटार सुरू व्हावी, तो वेळ त्यात भरता येतो. पोरांनी जुने ऑटो काढून हे स्टार्टर बसवले आणि प्रत्येकाचा वेळ दोन-दोन मिनिटांनी पुढे सरकवला. आता लाइट येते, पहिली मोटार सुरू होते, तिचा करंट खाली बसला की दुसरी, मग तिसरी. माणूस कंपनीत असो की घरात झोपलेला. एमआयडीसीला गुरुवार देणाऱ्या वीज मंडळाची युक्तीच या पोरांनी दोन मिनिटांच्या मापानं बांधावर वापरली. त्यांतल्या एकाला मी तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "दादा, आमच्या लाइनवर कन्व्हेयर असंच सुरू करतात, एकदम नाय." म्हणजे ही अक्कल कंपनीतूनच परत आली होती.

ओट्यावर चहा घेताना मामींनी जुनी गोष्ट काढली. भारनियमनाच्या ऐन काळात, २००५ च्या सुमारास, अक्षय प्रकाश योजना आली होती. अट सोपी होती: संध्याकाळच्या टंचाईच्या तासांत गावानं आपणहून शेतीच्या मोटारी, पिठाची गिरणी, शेगड्या बंद ठेवायच्या. वाचलेल्या विजेत घरातले दिवे चालू ठेवायचे, भारनियमन शिथिल. सक्ती नव्हती, गावानं शब्द द्यायचा. "दहावीची पोरं होती घरात," मामी म्हणाल्या. "बायाच फिरायच्या बघत, कुणाची मोटार वाजती का. आवाज आला की दारात जाऊन उभं राहायचं."

मला ही योजना त्या काळातल्या कुठल्याही वीज प्रकल्पापेक्षा मोठी वाटते, आणि ती लवकर विसरली गेली याचं वाईटही वाटतं. पण ती का मागे पडली, त्याचं कारण रास्त आहे. शब्दावर चालणारी गोष्ट रोज संध्याकाळी नव्यानं सांभाळावी लागते. त्याऐवजी वीज कंपनीनं सिंगल फेजिंग आणलं: संध्याकाळी एकाच फेजवर वीज सोडायची, म्हणजे दिवे लागतील आणि थ्री फेजची मोटार चालणार नाही. लोकांनी कंडेन्सर, म्हणजे कॅपॅसिटरच, लावून सिंगल फेजवर मोटारी चालवून दाखवल्या. त्यात कित्येक मोटारी जळाल्या. 'बचतीचा कॅपॅसिटर आणा' म्हटल्यावर जुनी माणसं अजून दचकतात ती त्यामुळंच. त्यांच्या आठवणीत ती डबी मोटार जाळणारी आहे. शेवटी गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा काढला गेला आणि प्रश्न सुटला. तारेनं सुटला. मामींना आता कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागत नाही, हे बरंच झालं. बायांनी रोज रात्री गस्त घालावी आणि आपण त्याला लोकसहभाग म्हणावं, यात मला काही थोर वाटत नाही.

ऊर्जेसाठी गावं आणखी काय करतात ते बघायला दुसऱ्या दिवशी मंचरवरून नारायणगावला गेलो. वाटेत खोडदकडं जाणारा रस्ता फुटतो. तिथली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. आकाशातले क्षीण संदेश टिपणाऱ्या या यंत्रणेला आसपासच्या वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा त्रास होतो. म्हणजे कुठल्याशा वस्तीवरचा एक ढिला जंपर, ज्यातून वीजही वाया जाते, तो शास्त्रज्ञांनाही ऐकू येतो. गावाला तो डिम लाइटच्या रूपानं दिसतो.

जुन्नर तालुक्यातली टिकेकरवाडी २०२३ च्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत ग्राम ऊर्जा स्वराजसाठी निवडली गेली. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात पंचमहाभूतांपैकी अग्नी हा ऊर्जेचा कप्पा आहे, त्यातही या भागातल्या ग्रामपंचायती हिरिरीनं उतरतात. या टापूत गोबरगॅस जोर धरतो त्याला कारण आहे: दुधाचा धंदा. संकरित गाई गोठ्यात बांधलेल्या, शेण एका जागी पडतं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. नारायणगावजवळच्या ज्या घरी मी जेवलो तिथल्या ताईंनी गॅसची तारीफ थोडी आणि स्लरीची फार केली. "सिलेंडर काय, पैसे दिले की येतो. असं खत कोण देतंय?" थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा सिलेंडर असतोच. घरोघरी संयंत्र हे ऐकायला गावाचं काम वाटतं, पण ते मुळात घराघराचं काम आहे. शेण माझं, खड्डा माझा, गॅस माझा. म्हणून ते होतं. गावानं फक्त एकमेकांचं बघून करायचं असतं.

सौर ऊर्जेचंही तसंच. साताऱ्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून गाजलं, शंभरेक घरांवर पॅनल बसले. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो आणि स्वतःचा पंप मिळवतो. दिवसा पाणी, डीपीशी संबंध नाही, बिबट्याशीही नाही. त्याआधी २०१८ पासून एचव्हीडीएस योजनेत एक-दोन शेतकऱ्यांना मिळून छोटा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर देणं सुरू झालं होतं. आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अख्खा शेतीचा फीडरच दिवसा सूर्यावर चालवायचा, गायरान किंवा भाड्याच्या जमिनीवर पॅनल मांडून. जमिनीला एकरी पन्नास हजार वर्षाला, ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाखांचं अनुदान. राळेगण सिद्धीला याची सुरुवात झाली.

यांतली शेवटची योजना मला सगळ्यांत योग्य वाटते, कारण तिच्यात बिबट्याच्या तोंडी माणूस पाठवावा लागत नाही आणि तरीही डीपी सगळ्यांची राहते. बाकीच्या योजना शेतकऱ्याला शेजाऱ्यापासून सोडवतात. सोडवू द्यावं, त्यातही गैर नाही. पण फीडर दिवसा चालू लागला म्हणून खराब पॉवर फॅक्टर सुधारत नाही, आणि सकाळी नऊला दहा ऑटो एकदम पडले तर डीपी रात्रीसारखीच जळते. वीज फुकट आहे तोवर बिल कुणाला शिस्त लावणार नाही. जी काही बचत व्हायची ती त्या एका डीपीखालच्या दहा-बारा माणसांच्या ठरावातूनच व्हायची.

म्हणून शेती असलेल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. रब्बीचं पाणी सुरू व्हायच्या आत आपल्या डीपीवरच्या लोकांना एकदा बोलवा. पाच एचपीला दोन केव्हीएआर, तीनला एक, साडेसातला तीन, असे कॅपॅसिटर सगळ्यांनी एकाच दिवशी आणा आणि माहितगार वायरमनकडून बसवून घ्या. एक मोटार भरून आणायच्या खर्चात कित्येक कॅपॅसिटर येतात. ऑटो ठेवायचेच असतील तर वेळ लावता येणारे ठेवा. आणि बैठक देवळात घ्या, कुणाच्या ओट्यावर नको. ज्याच्या ओट्यावर बसाल त्याच्या विरुद्ध पार्टीचे येत नाहीत, हा मामांचा अनुभव आहे.